फासा कोणाच्या हातात

२८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमी शहरात दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षांची नागपूरची मुलगी. त्या एका विजयासरशी ती भारताची ८८वी ग्रँडमास्टरही झाली. पुढचे काही दिवस नागपुरात दुसरा विषय नव्हता. घोडा अडीच घरं नेमका कसा चालतो हे ज्यांना नीट सांगता आलं नसतं, तेही पानठेल्यावर टायब्रेकची चर्चा करून राहिले होते. अभिमान वाटावा असंच होतं सगळं. या शहरानं रौनक साधवानीला २०१९ साली तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर होताना पाहिलं, २०२१ मध्ये संकल्प गुप्ताला पाहिलं, आणि आता हे.

अभिमान मलाही वाटला. कंटाळा आला तो नंतरच्या बोलण्याचा. ओळखीच्या प्रत्येक घरात मुलाला बुद्धिबळाचा क्लास लावायचं चाललं होतं आणि कारण एकच: डोकं चालतं, गणित सुधारतं, एकाग्रता वाढते. मुलाला तो खेळ आवडतो का, हा प्रश्न कुठेच नव्हता. गाण्यात कुमार गंधर्व आवडतात की भीमसेन जोशी, यावर आपण रात्र जागवू. भरीत कसं झालं यावरून घरात दोन तट पडतील. पण कोणाला कुठला खेळ आवडतो आणि का आवडतो, हे विचारायची पद्धत आपल्यात नाही. खेळाला विचारतात ते एवढंच, की याचा फायदा काय. त्या फायद्यावरून आपण खेळांची चक्क वर्णव्यवस्था लावली आहे. सगळ्यात वर बुद्धिबळ, त्याखाली कॅरम, मग पत्ते, आणि पार वेशीबाहेर मोबाईलवरचे गेम. उतरंड कशावर ठरते हे पाहिलं तर निकष सरळ दिसतो: डोक्याचा वाटा जितका जास्त, तितका खेळ पवित्र. नशिबाचा वाटा जितका जास्त, तितका विटाळ.

मला नशीब असलेले खेळ जास्त आवडतात. ही कबुली नाही, बाजू आहे आणि ती मला मांडायची आहे.

आपल्या घरांसारखाच विचार आपल्या कायद्यानंही दीडशे वर्षं केला. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा जुगाराच्या अड्ड्यांवर उठतो, पण निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतो. मग कोर्टांपुढे एकच वाद येत राहिला: अमुक खेळात कौशल्य किती आणि नशीब किती? १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं. कोणतं पान पडलं ते लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं आणि काय टाकायचं याला डोकं लागतं. पानं वाटण्यात नशीब आहे खरं, पण तेवढं नशीब ब्रिजमध्येही असतंच, असा तो युक्तिवाद होता. तीन पत्त्यांना मात्र ही सवलत मिळाली नाही. निकाल रास्त होता. मला खटकतो तो प्रश्न. नशीब हे भेसळीसारखं मोजायची वस्तू आहे, इतक्या टक्क्यांपर्यंत चालेल आणि पुढे नाही, ही समजूतच मला चुकीची वाटते. नशीब किती आहे यापेक्षा ते कुठे बसवलं आहे आणि कोणाच्या हातात आहे, हे महत्त्वाचं.

आधी बुद्धिबळाबद्दल, कारण नागपुरात राहून त्याच्याबद्दल गैरसमज करून घेणं परवडणारं नाही. मला तो खेळ थोर वाटतो, पाहायला आवडतो. खेळायला मात्र फारसा आवडत नाही. त्यात सगळं उघड्यावर असतं. दोघांसमोर तोच पट, तीच मोहरी, लपवलेलं काही नाही. म्हणून ज्याला जास्त येतं तो जिंकतो, आणि जिंकतच राहतो. एलो गुणांकनाच्या हिशेबात दोन खेळाडूंमध्ये ४०० गुणांचं अंतर असेल, तर वरच्याला सरासरी शंभरात साधारण ९१ गुण मिळतात. स्पर्धेसाठी हे उत्तम आहे. घरासाठी वाईट. घरात सहा वर्षांची पोर, सत्तरीची आजी, इंजिनीअर मामा आणि नुकताच बारावीत नापास झालेला चुलतभाऊ एका सतरंजीवर बसायचे असतील, तर बुद्धिबळ त्यातल्या दोघांनाच बसवतं आणि त्या दोघांपैकी एकाला रोज हरवतं.

गंमत अशी, की शिखरावरच्या लोकांनाही नशिबाची गरज भासली. बॉबी फिशरनं १९९६ मध्ये ब्युनोस आयर्सला आपला नवा प्रकार जाहीर केला, तो असा: मागच्या रांगेतली मोहरी डावापूर्वी चिठ्ठ्या टाकून मांडायची. काही मर्यादा पाळून अशा ९६० मांडण्या होतात. घोकलेल्या सुरुवाती निकामी व्हाव्यात, दोघांना पहिल्या खेळीपासून स्वतःच्या डोक्यानं विचार करावा लागावा, म्हणून. आज जगातले अव्वल खेळाडू त्या प्रकारात मोठ्या रकमांच्या स्पर्धा खेळतात. इथे नशीब डोक्याच्या जागी आलेलं नाही. डोक्याला काम मिळावं म्हणून आणलेलं आहे.

हीच गोष्ट आमच्या घरात अष्टाचंगा करत असे.

नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना दुपारचं सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे, रस्ते ओस, खिडकीत कूलर घरघरतोय, त्याच्या गवतावर पाण्याची धार, आणि दार बंद करून सगळी पोरं आत कोंडलेली. त्या वाऱ्यात पत्ते टिकत नाहीत, उडतात. ‘व्यापार’च्या नोटा तर खोलीभर होतात. म्हणून फरशीवर खडूनं पाच बाय पाचची चौकट आखायची आणि चार चिंचोके काढायचे. चिंचोके एका बाजूनं दगडावर पांढरे होईस्तोवर घासलेले. चारही पांढरे पडले तर चार, म्हणजे चंग. चारही काळे पडले तर आठ, म्हणजे अष्ट. या दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळायचं. नाहीतर जितके पांढरे तितकी घरं. बाहेरच्या फेरीतून चालत जायचं, फुलीच्या घरात बसलेल्याला कोणी मारू शकत नाही, आणि आमच्याकडचा नियम असा, की एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत प्रवेश नाही.

चार चिंचोके पडायच्या सोळा तऱ्हा असतात. त्यातल्या सहांत दोन पडतात, चारांत एक, चारांत तीन. चंग एका तऱ्हेत आणि अष्ट एका तऱ्हेत. म्हणजे आठ वेळा टाकलं की सरासरी एकदा जास्तीचं दान. आजीला हे गणित कोणी शिकवलं नव्हतं, पण तिच्या सोंगट्या नेहमी मारेकऱ्याच्या पुढे एक किंवा तीन घरांवर उभ्या असत. दोन घरांवर क्वचितच. दोन सगळ्यात जास्त पडतात, हे तिच्या हातांना ठाऊक होतं.

आता या खेळात नशीब आहे की कौशल्य? प्रश्न फसवा आहे. दान पडतं ते माझ्या हातात नाही. पण दान पडल्यावर चारपैकी कोणती सोंगटी हलवायची, पुढचीला वाचवायचं की मागचीनं मारायचं, हे माझ्या हातात आहे. नशीब आधी येतं, निर्णय नंतर. पत्त्यांतही तसंच: पानं आधी वाटली जातात, मग तुम्ही खेळता. मेंढीकोटात तेरा पानं हातात आली की त्यांत दश्शी एकही नसो, जोडीदाराच्या दश्श्या वाचवायचं काम उरतंच, आणि हुकूम कधी उघडायचा याची हुरहुरही. वाईट पानं चांगली खेळणं याच्याइतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या खेळानं दिलेला नाही. चांगल्या पानांवर कोणीही जिंकतो.

याच्या उलट ज्या खेळांत निर्णय आधी आणि नशीब नंतर, ते मला आवडत नाहीत. आकडा लावला, मग चिठ्ठी निघाली. मटका तसाच. मुंबईत साठच्या दशकात वाढलेला हा धंदा मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लावलेल्या आकड्यांतून निघाला. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात मग तोच आकडा पानठेल्यापानठेल्यावर लागायला लागला, हा त्यातला कडवट विनोद. राज्य सरकारची लॉटरी, १९६९ पासूनची, त्याच जातीची. निर्णय एका क्षणाचा, आणि नंतर नुसतं थांबायचं. सापशिडीत तर तेवढाही निर्णय नाही. फासा तुम्हाला खेळतो. पण सापशिडीला मी माफ करतो, कारण तिचा हेतूच वेगळा होता. आपल्याकडचे मोक्षपट, ज्यांची परंपरा आपण ज्ञानेश्वरांपर्यंत नेतो पण हाती असलेले पट बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत, ते जिंकण्यासाठी मांडलेले नाहीत. कोणता दोष कुठे खाली नेतो आणि कोणता गुण कुठे चढवतो, हे वाचत वाचत वर जायचं. तो ग्रंथ आहे, फक्त फासा टाकून वाचायचा. इंग्रजांनी गुणदोषांची नावं जवळजवळ पुसली आणि साप-शिड्या तेवढ्या ठेवल्या. मग उरलं ते फार पोकळ.

नशिबाला आपण इतके घाबरतो याला कारण महाभारत आहे, असं कोणीतरी सांगतंच. शकुनीचे फासे, द्रौपदी, वस्त्रहरण. त्या कथेपुढे कोणाचं काय चालणार? पण त्याच महाभारतात, वनपर्वात, दुसरी कथा आहे आणि ती आमच्या मुलखाची आहे. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिचा नवरा नल, निषधाचा राजा, भाऊ पुष्कराशी द्यूत खेळताना राज्य हरतो, बायकोला अरण्यात सोडतो, रूप पालटून अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी होऊन राहतो. इथवर आपल्याला आठवतं. पुढचं कमी लोकांना आठवतं. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी येते, ऋतुपर्ण विदर्भाकडे निघतो, रथ नल हाकतो. वाटेत बेहड्याचं झाड दिसतं. ऋतुपर्ण चालत्या रथातून झाडाकडे बघून पानांचा आणि फळांचा आकडा सांगतो. नल रथ थांबवतो, मोजून पाहतो, आकडा बरोबर निघतो. मग दोघं विद्येची अदलाबदल करतात: नल घोड्यांची विद्या देतो आणि ऋतुपर्ण फाशांची.

झाड बेहड्याचंच का, याला अर्थ आहे. त्या काळी द्यूत बेहड्याच्या फळांनी खेळत. मेळघाटात, पेंचच्या जंगलात आजही ती झाडं आहेत. हिरडा-आवळ्याच्या जोडीनं ते फळ त्रिफळा चूर्णात जातं, आणि त्यानं एकेकाळी राज्यं घालवली हे आता कोणाला सुचतही नाही. तत्त्वज्ञ इयान हॅकिंगनं संभाव्यतेच्या जन्मावर १९७५ साली जे पुस्तक लिहिलं त्यात ही कथा येते, कारण थोड्या भागावरून सगळ्याचा अंदाज बांधणं आणि फाशाचं गणित जाणणं ही एकच विद्या आहे, असं ही कथा सांगते. युरोपात पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या डावाचे पैसे कसे वाटावेत यावरून पत्रव्यवहार केला तो १६५४ साली.

पण मला त्या कथेतलं याहून महत्त्वाचं वाटतं ते तिचं शेवटचं वळण. नल ‘आता फाशाला हात लावणार नाही’ अशी शपथ घेत नाही. तो विद्या घेऊन परत जातो, पुष्कराशी पुन्हा खेळतो आणि राज्य जिंकतो. ही कथा बृहदश्व ऋषी सांगतात कोणाला, तर द्यूतात सगळं घालवून वनात बसलेल्या युधिष्ठिराला. आणि कथा संपल्यावर ते त्याला उपदेश करत नाहीत, अक्षविद्या शिकवतात. जुगार सोड, असं न म्हणता फासा समजून घे, असं म्हणणारे ऋषी आपल्याकडे होऊन गेले. त्यांना आपल्या पालकसभेत बोलावायला कोणी धजणार नाही, ही गोष्ट वेगळी.

शकुनीचं आणि पुष्कराचं पाप त्यांच्या हाती फासे होते यात नाही. फासे एकाला कळत होते आणि दुसऱ्याला नाही, यात आहे. आमच्या चिंचोक्यांचं उलट होतं. ते आम्हीच घासलेले असत. एखादा जरा जास्त घासला गेला की तो एकाच अंगावर पडायला लागे, आणि दोन दिवसांत ते घरातल्या सगळ्यांना कळे. मग भांडण. “तो काळा चिंचोका बदल बे, मघापासून पालथाच पडून राहिला!” नाहीतर: “भिंतीला लागला, धरायचा नाही, परत टाक.” नवीन चिंचोका घासेस्तोवर डाव थांबे. फासा सगळ्यांचा, त्याची खोड सगळ्यांना माहीत, आणि तो बदलायचा अधिकारही सगळ्यांना. या तीन गोष्टी असल्या की नशीब निरुपद्रवी होतं. मी तर म्हणेन, गोड होतं.

आता मोठेपणी आमच्या मित्रमंडळात शनिवारी रात्री ‘कटान’ मांडला जातो. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसानं १९९५ मध्ये आणलेला हा खेळ. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल त्या आकड्याच्या जमिनीतून ज्याचं गाव तिथे असेल त्याला माल मिळतो: वीट, लाकूड, लोकर, धान्य, खनिज. सात पडायची शक्यता सगळ्यात जास्त, छत्तिसात सहा; पण सात आला की कोणालाच माल नाही, उलट दरोडेखोर येतो. सहा आणि आठ छत्तिसात पाच वेळा. म्हणून सुरुवातीला गाव कुठे वसवायचं याचा विचार करताना मिहानच्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारी शहाणी माणसं मिनिटंच्या मिनिटं घालवतात. आणि मग नागपुरी बाजार सुरू होतो. “दोन मेंढ्या घे ना बे, एक वीट दे फक्त.” “कायले देऊ? तुझा रस्ता माझ्याच गावावरून चालला.” खेळाचं यश या भांडणात आहे. दुसऱ्याच्या पाळीतही तुम्हाला काम असतं. दान वाईट पडलं तर तोंड वापरता येतं.

‘व्यापार’ मात्र मला लहानपणीही आवडला नाही आणि आताही आवडत नाही. त्याच्या मूळ खेळाची, ‘लँडलॉर्ड्स गेम’ची, कल्पना लिझी मॅगी या अमेरिकन बाईची, १९०४ च्या पेटंटची. जमीनदारी कशी सगळ्यांना कंगाल करते हे दाखवायला तिनं तो खेळ बनवला होता, आणि त्याच खेळाचा पुढे १९३५ मध्ये कंगाल करण्याची मजा म्हणून धंदा झाला. खेळ म्हणून त्याचा दोष मला असा दिसतो: दान आधी पडतं खरं, पण नंतर ठरवायला काही उरत नाही. जागा मोकळी दिसली की घ्यायची. पहिल्या तासात कोण जिंकणार ते कळतं आणि उरलेले दोन तास त्याची वसुली चालते. पडद्यावरच्या मोठ्या युद्धखेळांचंही असंच होतं. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं, सीताबर्डीची टेकडी रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसाला १८१७ मध्ये तिथे इंग्रजांकडून झालेल्या पराभवाचा सूड उगवायचा मोह होतोच. पण अर्धा नकाशा भगवा झाला की पुढे निकाल ठरलेला, आणि उरते ती नुसती कारकुनी.

पडद्यावरच्या खेळांवर माझं प्रेम रुपयाच्या नाण्यापासूनचं. पार्लरमधल्या ज्या मशीनवर सगळ्यात जास्त गर्दी असे तिला आम्ही ‘मुस्तफा’ म्हणायचो. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, हे फार उशिरा कळलं. मुस्तफा हे त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव, आणि अख्ख्या देशानं तेच धरलं. त्यात नशीब नव्हतं. गुंड कुठून येणार हे पाठ करायचं, आणि पाठांतराची फी रुपयारुपयानं भरायची. अशा खेळांची मला एका मर्यादेपलीकडे ओढ राहिली नाही, कारण पाठ झालं की संपलं.

टेट्रिसचं तसं नाही. अलेक्सी पाजितनोव्हनं १९८४ साली मॉस्कोत केलेला हा खेळ सात आकारांवर उभा आहे, आणि पुढचा कोणता येईल ते यंत्र ठरवतं. जुन्या आवृत्त्यांत लांब दांडा कितीही वेळ येत नसे आणि माणूस यंत्राला शिव्या घालत मरे. नंतरच्या आवृत्त्यांत सातही तुकडे जणू पिशवीत घालून हलवतात आणि एकेक काढतात; पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरतात. त्यामुळे दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त बारा इतर तुकडे येऊ शकतात. नियम उघड आहे, जाणकार खेळाडू तो मोजत खेळतो. हा मला घासलेल्या चिंचोक्याचा सख्खा भाऊ वाटतो.

मात्र यंत्रातला फासा आपल्याला दिसत नाही, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. सुरुवातीला घोटाळा लाडाचा होता. ‘सिव्हिलायझेशन’चा कर्ता सिड मायर यानं २०१० च्या एका व्याख्यानात सांगितलं, की जिंकायची शक्यता तीनास एक असताना खेळाडू हरला तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, शक्यता उलट असताना जिंकला तर मात्र त्याची काही तक्रार नसते. म्हणून ते लोक पडद्यामागे आकड्यांना थोडं खेळाडूच्या बाजूनं झुकवत. त्याच कंपनीच्या २०१२ च्या ‘एक्सकॉम’मध्ये सोप्या पातळ्यांवर तुमचे नेम चुकत गेले की पुढच्या नेमाची शक्यता गुपचूप वाढवली जाते. पडद्यावर लिहिलेला आकडा आणि आत वापरलेला आकडा वेगळे. तुमच्या भल्यासाठी का होईना, फासा झुकवलेला. मला हा लाड नको वाटतो. आजीनंही कधी मुद्दाम हरून दाखवलं नाही.

पण ज्या यंत्राला तुमच्या बाजूनं फासा झुकवता येतो, त्याला मालकाच्या बाजूनंही झुकवता येतो. पैसे देऊन बंद पेट्या उघडायच्या, आत बंदुकीची रंगीत कातडी निघेल की धुळीतलं काहीतरी, हे उघडल्यावर कळणार: हा धंदा असाच वाढला. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं. चीननं २०१७ पासून शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं, आणि त्याच वर्षी अ‍ॅपलनंही आपल्या दुकानातल्या गेमवाल्यांना तीच अट घातली.

लोक मात्र अजून चुकीच्याच गोष्टीला घाबरतात. २०२४ साली ‘बलाट्रो’ नावाचा एक अफलातून खेळ आला, एका माणसानं केलेला. पोकरचे हात जुळवून गुण करायचे, विचित्र जोकर गोळा करायचे, प्रत्येक फेरीत नियम थोडे वाकवायचे. नशीब आधी, निर्णय नंतर, आणि निर्णय इतके की रात्र पुरत नाही. त्यात एक पैसाही लावता येत नाही. तरी युरोपातल्या पेगी या वयमर्यादा ठरवणाऱ्या संस्थेनं पत्त्यांची चित्रं आणि पोकरची नावं पाहून त्याला १८ वर्षांवरचा शिक्का मारला. पैसे घेऊन खेळाडूंची बंद पाकिटं विकणाऱ्या फुटबॉलच्या गेमला त्याच संस्थेचा शिक्का होता ३ वर्षांचा. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अपील मान्य होऊन बलाट्रोचा शिक्का १२ वर आला. पत्ता दिसला की जुगार, आणि फुटबॉल दिसला की मैदान. आमच्या घरातली वर्णव्यवस्था ब्रसेल्सलाही पोचली आहे म्हणायची.

म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा त्यातली एक गोष्ट मला फार पटली. कौशल्य की नशीब, हा दीडशे वर्षांचा वाद त्यानं बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे लावून पैसे जिंकायची आशा दाखवत असेल तर बंद. दिव्याच्या विजयाला महिनाही झाला नव्हता, आणि भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचं, पैसे लावून ऑनलाइन खेळ खेळवणाऱ्या ड्रीम इलेव्हनचं नाव त्या कायद्यानं उतरवलं. सरसकट बंदीचा हातोडा मला जड वाटतो. बंद केलेलं तळघरात जातं, हे मटक्यानं शिकवलं आहे. पण रेघ जिथे मारली ती जागा जुन्या जागेपेक्षा शहाणी आहे.

तरी एक फट राहिलीच. माझ्या वाचनाप्रमाणे कायद्याचा रोख जिंकायच्या पैशांवर आहे. ज्या खेळात पैसे जिंकता येतच नाहीत, नुसते घालवता येतात, तो त्या जाळ्यातून अलगद निसटतो. बंद पेट्यांचा खेळ तसा आहे. तो जुगारापेक्षा निरुपद्रवी समजला जातो, कारण त्यात खेळणारा कधीच जिंकत नाही! इथे मला बंदी नको. बृहदश्वांचा मार्ग हवा. पेटीवर शक्यता मोठ्या अक्षरात, मराठीत, पैसे घेण्याआधी. आणि फासा लिहिल्याप्रमाणेच पडतो का, हे तपासायचा अधिकार कंपनीबाहेरच्या कोणाला तरी.

हे सगळं मी परवा माझ्या भाच्याला सांगत होतो. वय अकरा, बुद्धिबळाच्या क्लासला जातो, गोळीबाराच्या एका गेममधल्या पेटीसाठी माझ्याकडे पैसे मागत होता. “मामा, शक्यता लिहिलेली असते ना,” म्हणाला, आणि चार पडद्यांच्या आत लपवलेलं ते पान काढून दाखवलं. आकडा शून्य पूर्णांकानंच सुरू होत होता. मी त्याला हिशेब करायला बसवलं. त्यानं माझ्यापेक्षा लवकर केला: हवी ती बंदूक मिळायला सरासरी किती पेट्या लागतील, त्याचे किती पैसे होतील, आणि तेवढ्यात नवी सायकल येते. सगळं बरोबर. मग वर बघून म्हणाला, “पण पहिल्याच पेटीत पडू शकते ना?”

पडू शकते, हे मला मान्य करावं लागलं. पैसे मी दिले नाहीत. संध्याकाळी त्याच्या आजोबांनी दिले.